तापाने जंतू मरतात का? काळ्या आजाराची गोष्ट

"डॉक्टर, तापाने जंतू मरतात ना? मग गोळी कशाला?" हा प्रश्न मला दर पावसाळ्यात ऐकू येतो. काही जंतूंची वाढ तापाने मंदावते, हे खरे. पण काळ्या आजाराच्या परजीवीसाठी आपल्या अंगाची ऊब म्हणजे कामाला लागण्याची खूण असते.

हा परजीवी १९०३ मध्ये प्रसिद्धीस आला. लीशमन यांना तो दमदमला ताप लागलेल्या एका सैनिकाच्या पानथरीत (प्लीहेत) दिसला, तर डोनोव्हन यांना मद्रासच्या रुग्णांमध्ये. म्हणून त्याचे नाव लीशमॅनिया डोनोव्हनी. दोघांनाही दिसले ते बारीक गोल ठिपके.

पुढच्याच वर्षी कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी रुग्णाच्या पानथरीतले रक्त सुमारे २२ अंशांना, म्हणजे अंगापेक्षा बरेच थंड ठेवले. काही दिवसांत ते ठिपके लांबट झाले, त्यांना शेपटी फुटली आणि ते पोहू लागले! याचा अर्थ, त्याचा दुसरा मुक्काम एखाद्या कीटकात असणार. बरीच वर्षे बिचाऱ्या ढेकणावर संशय होता. सॅण्डफ्लाय ही बारीक माशीच तो पसरवते, हे १९४२ मध्ये स्वयंसेवकांना ती चावू देऊन सिद्ध झाले.

पण परजीवीला ऊब कळते कशी? याचा धागा इटलीत सापडला. रितोसा यांच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांच्या पेशी ठेवलेल्या पेटीचे तापमान चुकून वाढले आणि गुणसूत्रांवर नवेच फुगवटे दिसले. हे १९६२ मध्ये छापून आले. पुढे कळले की उष्णतेने पेशीतील प्रथिनांची घडी विस्कटते आणि ती सावरायला पेशी 'हीट शॉक प्रथिने' वापरते. अंडे उकडल्यावर घट्ट होते, तेही घडी मोडल्यामुळेच. फक्त तिथे सावरणारे कुणी नसते.

माशीच्या पोटातून ३७ अंशांच्या शरीरात आल्यावर परजीवीचीही हीच धावपळ होते. २००१ मध्ये जर्मन संशोधकांनी त्याचे 'एचएसपी ९०' हे प्रथिन औषधाने निकामी केले, तर माणसात आल्यासारखाच तो रूप बदलू लागला. म्हणजे हे सावरणारे प्रथिन अपुरे पडणे, हाच त्याचा निरोप असावा.

तेव्हा ताप अंगावर काढून हा आजार जात नाही. उपचार न केल्यास बहुतेक रुग्ण दगावतात. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल किंवा पूर्व उत्तर प्रदेशात तुमचे राहणे झाले असेल, ताप दोन आठवड्यांवर गेला असेल आणि डाव्या बरगडीखाली जड वाटत असेल, तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. बोटाच्या थेंबभर रक्तावर तपासणी होते, आणि औषधे आहेत.