व्हिटल्स : लिहिलेला पण न उच्चारलेला ‘सी’

शिधासामग्री या अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग व्ही-आय-सी-टी-यू-ए-एल-एस असे असले, तरी त्याचा उच्चार ‘व्हिटल्स’ होतो. अनभिज्ञ वाचकाने ‘व्हिक्च्युअल्स’ म्हटल्यास दोष त्याचा नव्हे. लॅटिन ‘व्हिक्टुआलिया’ जुन्या फ्रेंचमध्ये झिजताना त्यातील ‘क’ गळाला, इंग्रजीने मध्ययुगात ते झिजलेले रूपच घेतले आणि पुढे लॅटिनचा अभिमान बाळगणाऱ्या प्रबोधनकालीन विद्वानांनी लेखनापुरता ‘सी’ परत बसवला, जो बोलणाऱ्यांनी कधी जुमानला नाही. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधील मूक ‘बी’ हाही त्याच खटाटोपाचा अवशेष. ‘व्हिक्टुआलिया’च्या मुळाशी जगणे या अर्थाचा लॅटिन धातू असून संस्कृत ‘जीव्’ हा त्याचा सगोत्र, म्हणजे एकाच पूर्वजभाषेतून उतरलेला, धातू असल्याने मराठीतील ‘उपजीविका’ ही या शब्दाची दूरची नातलग ठरते.