ज्ञानकोशाची चावडी

रोटेगाव स्टेशनावरून वैजापुरास येताना मागे एका जुन्या स्नेह्यांनी मला प्रश्न केला, "रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत तुम्ही त्या विकिपीडियाचे काम करीत बसता, त्याचे तुम्हांस मिळते तरी काय?" काही मिळत नाही, असे मी सांगितले. त्यावर त्यांनी मजकडे पाहिले ते सावकाराने बुडीत कुळाकडे पाहावे तसे. प्रश्न मात्र रास्त होता. त्याचे उत्तर गाडीत देता आले नाही, म्हणून येथे देत आहे. आणि इतिहास हा माझा पेशा असल्यामुळे ते थोडे मागून सुरू करावे लागेल.

मराठीत सर्वसंग्राहक कोश करण्याचे पहिले मोठे धाडस डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचे. कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन स्वदेशी परतलेल्या या गृहस्थाने सरकारी आश्रयाची वाट न पाहता कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव हिंडून वर्गणीदार गोळा केले आणि १९२० ते १९२९ या अवधीत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे केले. या खटाटोपाची हकीकत त्यांनी स्वतःच १९२७ साली 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाने लिहून ठेविली आहे. कोश म्हणजे केवळ विद्वत्ता नव्हे, त्यात कागदाचे बिल, नोकरांचे पगार आणि थकलेली वर्गणीही असते, हे ज्यांस कळून घ्यावयाचे असेल त्यांनी तो ग्रंथ अवश्य चाळावा. केतकर १९३७ साली विपन्नावस्थेत वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे ५३ होते. मी आज त्याच वयाच्या आसपास आहे, त्यामुळे हा आकडा मला पूर्वीपेक्षा अधिक टोचतो.

त्याच काळात आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी निराळाच प्रयोग चालू होता. मौलवी अब्दुल हक हे १९१२ साली 'अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू' या संस्थेचे चिटणीस झाले व तिचे बिऱ्हाड त्यांनी औरंगाबादेस आणले. तेथून ग्रंथ निघत, परिभाषा घडविली जाई, आणि १९२१ पासून 'उर्दू' नावाचे त्रैमासिकही निघू लागले. मौलवीसाहेबांचे कष्ट व विद्वत्ता निर्विवाद होती, आणि पाठीशी निजाम सरकारचे अनुदान होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतूनच. मात्र ज्या मुलखात हे चालले होते तेथील बहुसंख्य रयतेची भाषा मराठी. तिच्या वाट्यास यांतले काही आले नाही. कारभार उर्दूतून, वरचे शिक्षण उर्दूतून, आणि मराठी वाचनालय काढावयाचे किंवा सभा भरवावयाची तर परवानगीसाठी खेटे घालावयाचे. सप्टेंबर १९४८ पर्यंत वैजापूर याच राज्यात होते. पलीकडे येवले इंग्रजी अमलात; तिकडच्या गावाची हकीकत पुण्या-मुंबईच्या पत्रांत छापून येण्याचा संभव तरी असे. आमच्या गावांच्या हकीकती म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिल्या आणि त्यांच्याबरोबर गेल्या. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

आता विकिपीडियाकडे वळू. अमेरिकेत जिमी वेल्स व लॅरी सँगर यांनी २००० साली 'न्यूपीडिया' नावाचा कोश काढला होता. त्यात प्रत्येक लेख सात पायऱ्यांच्या तपासणीतून जावयाचा. परिणाम असा की वर्षभरात पंचवीसही लेख पुरे झाले नाहीत! मग १५ जानेवारी २००१ रोजी, कोणीही लिहावे व कोणीही सुधारावे, अशी मोकळी पाटी शेजारी मांडली गेली, आणि ती पाटीच मूळ कोशाला गिळून बसली. खर्च तेव्हा वेल्स यांची 'बोमिस' ही व्यापारी कंपनी सोशीत असे. २००२ च्या फेब्रुवारीत या कोशावर जाहिराती येणार अशी कुणकुण लागताच स्पॅनिश भाषेतील बरेचसे लेखक आपले लेखन घेऊन बाहेर पडले व सेव्हिल विद्यापीठाच्या आश्रयाने त्यांनी स्वतंत्र कोश थाटला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील खरी कलाटणी हीच. फुकट राबणारा मनुष्य मोबदला मागत नाही हे खरे. परंतु आपल्या फुकट श्रमावर दुसरा कोणी गब्बर होतो आहे असे दिसले की तो कुदळ खाली ठेवतो. जाहिराती आल्या नाहीत, आणि २० जून २००३ रोजी 'विकिमीडिया फाउंडेशन' ही नफा न वाटणारी संस्था स्थापन होऊन कोश तिच्या हवाली झाला. तिचे यंत्रज्ञ व कारकून पगारी आहेत, पैसा मुख्यतः वाचकांच्या देणग्यांतून येतो. लिहिणारे मात्र सर्व भाषांत बिनपगारीच.

मराठी विकिपीडियाचा जन्म १ मे २००३ चा, म्हणजे तो या संस्थेहूनही सात आठवड्यांनी वडील आहे. त्या काळी संगणकावर देवनागरी लिहिणे हाच एक पराक्रम होता. एकाने टंकिलेला मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर चौकोनांची रांगोळी होऊन उमटे. तरीही देशी-परदेशी विखुरलेल्या काही मराठी मंडळींनी नेट धरला. त्यांनी योजिलेले शब्द पाहून मला त्यांचे फार कौतुक वाटते. सरावाच्या पानास त्यांनी 'धूळपाटी' म्हटले, आपोआप काम करणाऱ्या आज्ञावलीस 'सांगकाम्या', आणि सर्वांनी मिळून विचार करावयाच्या जागेस 'चावडी'. इतिहासकार म्हणून एवढेच सांगतो की जुन्या गावच्या चावडीवर बसावयाचे कोणी आणि पायरीखाली उभे राहावयाचे कोणी, हे जन्माने ठरलेले असे. या चावडीस पायरी नाही, निदान असू नये.

काम काय असते, तर बहुतांशी झाडलोट. कोणी शिवी लिहून गेला ती पुसावयाची, कोणी उमेदवाराची स्तुती चिकटविली ती उतरवावयाची. २०२३ साली औरंगाबादचे नाव अधिकृतरीत्या छत्रपती संभाजीनगर झाले. आजच्या शहराच्या उल्लेखी नवे नाव हवे. पण मौलवी अब्दुल हकांचे त्रैमासिक १९२१ साली छत्रपती संभाजीनगरातून निघाले असे लिहिले तर ते चूक होईल. हा विवेक सांगकाम्यास नाही. पान उघडून, वाक्य वाचून, माणसानेच ठरवावे लागते.

आमच्या तालुक्याच्या शिवेवर गोदावरीत सराला बेट आहे. तेथील गंगागिरी महाराजांचा सप्ताह दरवर्षी निराळ्या गावी भरतो, आणि पंक्तीसाठी गावोगावच्या घरांतून भाकरी येतात. भाकरीवर कोणाचे नाव नसते, ती कोणी विकतही नाही. विकिपीडियातील लेखन मला तशा भाकरीसारखे वाटते. परंतु पंगत उठल्यावर आमटीच्या कढया घासणारे हात थोडेच असतात, आणि तेच ते असतात. आमच्या चावडीवरही तसेच आहे. ते हात थकले म्हणजे तिरसट होतात, याचा अनुभव मला स्वतःचाच आहे.

काही वर्षांपूर्वी एका रात्री गोदाकाठच्या एका लहान गावाच्या पानावर कोणी नवख्याने आठ ओळी घातलेल्या मला दिसल्या. गाव फार सुंदर आहे, मारुती जागृत आहे, वगैरे. आधार एकाही विधानास नव्हता. मी त्या आठही ओळी काढल्या आणि सारांशात दोन शब्द लिहिले: 'संदर्भहीन, प्रचारकी'. पुढच्या आठवड्यात बी. ए. च्या वर्गात तिसऱ्या बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, आपण आपल्या गावाबद्दल लिहिलेले कोण पुसते?" मी संदर्भांचे महत्त्व या विषयावर पंधरा मिनिटे बोललो. पुसणारा मीच, हे सांगितले नाही. त्या मुलाने त्यानंतर तेथे एक अक्षर लिहिले नाही.

विकिपीडियात काढलेला मजकूर नाहीसा होत नाही, 'इतिहास' या सदरात तो तसाच राहतो. गेल्या हिवाळ्यात दुसऱ्याच कामासाठी ते पान उघडले असता त्या आठ ओळी मी प्रथमच नीट वाचल्या. सहावी ओळ अशी होती की गावच्या पाझर तलावाची भिंत १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर बांधली गेली आणि त्या मुलाच्या आजीने तेथे खडी फोडली. ज्या मुलखाची हकीकत कोणी छापलीच नाही, तेथे मी छापील आधार मागितला होता, आणि तोही इतिहासाचा अध्यापक म्हणवून! गावी जाऊन चौकशी केली. आजी आदल्या वर्षी वारल्या होत्या. त्यांच्यासोबत कामावर असलेल्या दोन वृद्ध स्त्रिया भेटल्या. त्यांनी मजुरीची, सुकडीची आणि उन्हात दगावलेल्या एका बाळाची हकीकत सांगितली, ती मी गावाच्या व त्यांच्या नावांनिशी लिहून घेतली आहे.

ते टिपण स्वतंत्रपणे छापावयास दिले आहे. छापून आले म्हणजे सहाव्या ओळीस आधार होईल. पण ती ओळ मी घालणार नाही. स्वतःच्या लेखाचा आधार स्वतःच देऊ नये असा आमचा संकेत आहे, आणि ओळ तर मुळात माझी नाहीच. तो मुलगा आता वाळूजला एका कारखान्यात आहे. सर्व हकीकत, पुसणारा कोण होता हे धरून, मी त्यास पत्राने कळविली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.