नाव झालं कसं, अक्षरं गेली कुठं

मंडळी, वांगणीत बसून माटुंग्याच्या एका संस्थेबद्दल आपण का बोलतोय? कारण आपल्याच लाइनवर, बदलापूर-अंबरनाथच्या एमआयडीसीत, केमिकल कंपन्या आहेत. आणि त्या धंद्यात 'यूडीसीटीचा आहे' एवढं म्हटलं की पुरायचं.

1933 मध्ये हा मुंबई विद्यापीठाचा नुसता एक विभाग होता. माटुंग्याची जागा मिळाली 1943 मध्ये. 1964 साली मनमोहन शर्मा केंब्रिजहून येऊन इथं प्राध्यापक झाले, वय अवघं 27! पुढं 1990 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. या मंडळींनी संशोधन केलंच, पण कारखान्यांच्या अडचणीही हाताशी घेतल्या. इथून शिकलेली पोरं पुढं स्वतः कारखानदार झाली आणि माणसं घेताना पुन्हा इथंच आली. नाव झालं ते असं, जाहिरातीनं नव्हे.

आता गंमत बघा. शेजारच्या व्हीजेटीआयनं 1997 मध्ये 'व्हिक्टोरिया ज्युबिली'चं 'वीरमाता जिजाबाई' केलं, अक्षरं तीच ठेवली. पुण्याच्या सीओईपीनं 2022 मध्ये विद्यापीठ होतानाही ती सोडली नाहीत. यूडीसीटी मात्र आधी यूआयसीटी झालं आणि 2008 मध्ये अभिमत विद्यापीठ होताना आयसीटी. दर्जा वाढला, हे खरंच. पण कमावलेली अक्षरं हातची गेली. वांगणीहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या पोराला 'आयसीटी' म्हटल्यावर लगेच पुस्ती जोडावी लागते, 'म्हणजे जुनं यूडीसीटी.'