एकोणतीस फेब्रुवारी

इंग्रजी कालगणनेंतील बाकीच्या सर्व तारखा निमंत्रणाची वाट न पाहतां दर वर्षीं येतात. एक २९ फेब्रुवारी मात्र चार वर्षांतून एकदां येते, आणि तीहि नेहमींच येते असें नाहीं. १९०० सालीं ती आली नाहीं. २००० सालीं आली. २१०० सालीं पुन्हां येणार नाहीं. अशा या पाहुण्या तारखेच्या पदरीं इतिहासानें काय काय घातलें आहे, तें आज पाहावयाचें आहे.

प्रथम ती आली कोठून? सौर वर्ष ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटें व सुमारें ४६ सेकंदांचें. वरचे पावणेसहा तास सोडून द्यावे, तर ऋतु आणि महिने यांची फारकत होते. म्हणून ज्यूलियस सीझरनें ख्रिस्तपूर्व ४६ सालीं दर चौथ्या वर्षीं एक दिवस वाढविण्याचा नियम घालून दिला. रोमन लोकांनीं हा दिवस महिन्याच्या शेवटीं न जोडतां २४ फेब्रुवारीच दोनदां धरली. सीझरच्या खुनानंतर तेथील धर्माधिकारी 'चौथें वर्ष' मोजतांना दोन्हीं टोकें धरूं लागले, आणि दर तीन वर्षांनींच दिवस वाढूं लागला. पुढें ऑगस्टस बादशहाला कांहीं वाढीव दिवस गाळून हा हिशेब जुळवावा लागला. कुंपणाचे खांब मोजण्याच्या गणितांत आमच्या वर्गांतील मुलें नेमकी हीच गफलत करीत. तेव्हां रोमच्या पंडितांना फार हंसण्यांत अर्थ नाहीं.

सीझरच्या नियमांतहि वर्षाला सुमारें अकरा मिनिटें जास्त धरलीं जात होतीं. पोप तेरावा ग्रेगरी यानें १५८२ सालीं ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशीं १५ ऑक्टोबर आणिला, आणि शतकाच्या अखेरच्या वर्षाला ४०० नीं भाग जात नसेल, तर त्या वर्षीं वाढीव दिवस धरूं नये असें ठरविलें. स्वीडननें हें पंचांग चाळीस वर्षांत हळूहळू स्वीकारण्याचा बेत केला. १७०० सालचा दिवस गाळला, पण १७०४ व १७०८ सालीं गाळावयाचें राहून गेलें. शेवटीं जुन्या पद्धतीवर परत येण्यासाठीं १७१२ सालीं फेब्रुवारीला दोन दिवस जास्त द्यावे लागले. त्या एका वर्षीं स्वीडनमध्यें ३० फेब्रुवारी उजाडली होती!

आमच्या पंचांगापुढें प्रश्न तोच, पण दिवसाऐवजीं आम्हीं महिनाच वाढवितों. चांद्र वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें. तें सौर वर्षाच्या मागें राहूं नये म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनीं अधिक मास येतो. त्यांत लग्नें नाहींत, मुंजी नाहींत. पण जांवयाला मात्र तेहतीस अनारशांचें वाण मिळतें. आयर्लंड व स्कॉटलंड या देशांत वाढीव दिवसाचा लाभ जांवयाला न होतां उपवर मुलींना होई. त्या दिवशीं स्त्रीनें पुरुषाला लग्नाची मागणी घालावी, आणि त्यानें नाकारल्यास रेशमी वस्त्र देऊन भरपाई करावी, अशी तिकडची चाल. स्कॉटलंडच्या मार्गारेट राणीनें १२८८ सालीं तसा कायदा केला असें पुष्कळ पुस्तकांत छापलेलें आढळतें. परंतु राणी त्या वेळीं पांचसहा वर्षांची पोर होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या कायद्याची किंमत कळते.

या तारखेची सर्वांत प्रसिद्ध कथा १५०४ सालची. कोलंबसाच्या चौथ्या सफरींत त्याच्या जहाजांना किड्यांनीं पोखरलें आणि जून १५०३ मध्यें त्याला जमैका बेटाच्या किनाऱ्यावर तीं चढवून ठेवावीं लागलीं. शंभरांहून अधिक माणसें, अन्न संपलेलें. बेटावरील ताइनो लोकांनीं मणि व घुंगरांच्या बदल्यांत कित्येक महिने त्यांना पोसलें. पुढें सुमारें निम्म्या खलाशांनीं बंड केलें, गांवोगांव लूट केली. तेव्हां त्या लोकांनीं अन्न देण्याचें थांबविलें, यांत नवल तें काय? कोलंबसापाशीं रेगिओमोंटानस या जर्मन ज्योतिष्याचें कोष्टक होतें. त्यांत २९ फेब्रुवारीचें चंद्रग्रहण दिलेलें होतें. त्यानें नायकांना बोलाविलें आणि आमचा देव तुमच्यावर कोपला आहे, आज रात्रीं चंद्राकडे पाहा, असें बजाविलें. चंद्र ग्रासलेलाच उगवला. लोक आक्रोश करीत अन्न घेऊन धांवले. कोलंबस प्रार्थनेच्या मिषानें खोलींत जाऊन बसला, आणि मोक्षाची वेळ जवळ येतांच बाहेर येऊन क्षमा झाल्याचें सांगता झाला. पुढें त्या वर्षीं जूनअखेर सुटका होईपर्यंत अन्नाची ददात पडली नाहीं.

शाळेच्या पुस्तकांतून ही गोष्ट चातुर्याचा मासला म्हणून देण्यांत येते. मला ती तशी वाटत नाहीं. आमचा गांवचा जोशी देखील ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष आगाऊ सांगतो, पण तो साऱ्या गांवाला सांगतो. येथें तेंच गणित यजमानांना भिवविण्यासाठीं लपवून ठेविलें. ज्यांनीं उपाशी परक्यांना भाकरी दिली, त्यांचें पुढें काय झालें, हें त्या पुस्तकांत येत नाहीं. १५०९ पासून स्पॅनिश लोकांनीं जमैकांत ठाणें दिलें, आणि वेठ व नवे रोग यांच्यापायीं कांहीं पिढ्यांतच ताइनो समाज जवळजवळ नाहींसा झाला.

जन्मतिथींचा प्रकार जरा हलका आहे. भरतनाट्यम् नृत्याला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल १९०४ सालच्या या तारखेच्या. मोरारजी देसाई यांचा जन्म १८९६ चा. मध्यें १९०० साल आडवें आल्यामुळें त्यांचा पहिला खरा वाढदिवस ते आठ वर्षांचे झाल्यावर आला. नव्याण्णव वर्षांचें आयुष्य लाभूनहि त्यांना असे वाढदिवस तेवीसच मिळाले, आणि त्यांपैकीं १९६८ सालचा त्यांनीं अर्थमंत्री या नात्यानें लोकसभेंत अंदाजपत्रक मांडण्यांत घालविला.

मोरोक्कोंतील अगादिर शहराला ही तारीख वेगळ्या कारणानें ठाऊक आहे. २९ फेब्रुवारी १९६० रोजीं, मध्यरात्र होण्यास थोडा अवकाश असतां, तेथें भूकंप झाला. धक्का जेमतेम पंधरा सेकंदांचा व फार मोठाहि नव्हे. पण तो थेट शहराखालीं झाला, आणि दगडमातीचीं घरें तग धरूं शकलीं नाहींत. सुमारें बारा हजारांहून अधिक माणसें मेलीं. रमजान चालू होता. जुन्या जागेच्या दक्षिणेस नवें शहर वसविण्यांत आलें.

फ्रान्समध्यें १९८० पासून एक वृत्तपत्र केवळ २९ फेब्रुवारीस निघतें. २०२४ सालीं त्याचा बारावा अंक निघाला. आणि २००८ सालीं युरोपांतील रुग्णसंघटनांनीं क्वचित् आढळणाऱ्या रोगांसाठीं एक दिवस पाळण्याचें ठरविलें, तेव्हां क्वचित् येणारी म्हणून हीच तारीख निवडली. ज्या रोगांचीं नांवेंहि पुष्कळ वैद्यांनीं ऐकलेलीं नसतात, त्यांच्या रोग्यांकडे लक्ष वेधावें हा हेतु. २९ तारीख नसेल त्या वर्षीं हा दिवस २८ फेब्रुवारीस पाळतात.