टायटस केफार

टायटस केफार (जन्म: इ.स. १९७६, कॅलमाझू, मिशिगन) हे समकालीन अमेरिकन चित्रकार व चित्रपट दिग्दर्शक आहेत. जुन्या पाश्चात्त्य तैलचित्रांच्या धर्तीवर चित्रे रंगवून ती कापणे, चुरगाळणे, डांबराने किंवा पांढऱ्या रंगाने झाकणे आणि मूळ चित्रात कडेला उभ्या केलेल्या कृष्णवर्णीय व्यक्तीला, पुष्कळदा एखाद्या मुलाला, समोर आणणे ही त्यांच्या कलेची ओळख होय. इ.स. २०१८ मध्ये त्यांना मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली.

== शिक्षण ==
शालेय जीवनात केफार यांची प्रगती यथातथाच होती. महाविद्यालयात कलेतिहासाचा वर्ग त्यांनी काहीशा योगायोगानेच निवडला. पाठ्यपुस्तकातील कृष्णवर्णीयांविषयीचे प्रकरण तेथे न शिकवताच सोडून देण्यात आले, असे त्यांनी सांगितले आहे; पुढील सर्व कामाचे बीज या प्रसंगात शोधता येते. सॅन होजे राज्य विद्यापीठातून पदवी घेतल्यावर इ.स. २००६ मध्ये त्यांनी येल विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले.

== येल आणि गळपट्ट्यातील मुलगा ==
ज्यांच्या नावाने हे विद्यापीठ ओळखले जाते ते एलिहू येल इ.स. १६८७ ते १६९२ या काळात ईस्ट इंडिया कंपनीचे मद्रास येथील गव्हर्नर होते. मराठी वाचकाला त्यांचा एक व्यवहार ठाऊक असावा: कडलूरजवळील सेंट डेव्हिड हा किल्ला कंपनीने इ.स. १६९० मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत मराठ्यांकडून, म्हणजे जिंजी येथे असलेल्या छत्रपती राजारामांकडून, विकत घेतला. त्याच काळात मद्रासच्या बंदरातून माणसे गुलाम म्हणून जहाजांवर चढवली जात होती.

सुमारे इ.स. १७१९ मधील एका समूहचित्रात येल आपल्या आप्तांसह मेजाभोवती बसलेले आहेत. पार्श्वभूमीला घरातील मुले खेळत आहेत. उजव्या कडेला त्यांच्याच वयाचा एक कृष्णवर्णीय मुलगा सेवेस उभा असून त्याच्या गळ्यात कुलूप लावलेला धातूचा पट्टा आहे. मेजाभोवतालच्या मंडळींची नावे उपलब्ध आहेत, मुलाचे नाव मात्र नाही.

'इनफ अबाउट यू' (इ.स. २०१६) या चित्रात केफार यांनी हीच रचना पुन्हा रंगवली. येल आणि इतर मंडळी असलेला कॅनव्हासचा भाग त्यांनी चुरगाळून टाकला आणि केवळ मुलाचा चेहरा सोनेरी चौकटीत बसवला. मूळ चित्रात हा मुलगा धन्यांकडे पाहतो. येथे तो प्रेक्षकाकडे पाहतो आणि त्याच्या गळ्यात पट्टा नाही. इ.स. २०२० मध्ये येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट या संग्रहालयाने मूळ चित्र काही काळ उतरवून त्या जागी केफार यांचे चित्र लावले. पुढे मूळ चित्र नव्या संशोधनाच्या माहितीसह पुन्हा मांडण्यात आले. ते कायमचे काढले गेले नाही, हे योग्यच झाले. केफार यांचाही रोख इतिहास पुसण्यावर नाही.

याचा पुरावा 'शिफ्टिंग द गेझ' (इ.स. २०१७) या चित्रात मिळतो. डच चित्रकार फ्रान्स हाल्स यांच्या कुटुंबचित्रावरून केलेल्या या चित्रातील श्रीमंत कुटुंबावर केफार यांनी श्रोत्यांसमोर पांढरा रंग फिरवला आणि मागे उभा असलेला कृष्णवर्णीय मुलगा तेवढा ठेवला. त्या रंगात जवसाचे तेल मिसळलेले असल्याने तो कालांतराने पारदर्शक होत जातो आणि झाकलेली माणसे पुन्हा दिसू लागतात.

== वडील, मुलगे, माता ==
बालपणी दुरावलेल्या वडिलांचा शोध घेताना केफार यांना तुरुंगाच्या नोंदींत त्यांच्याच नावाआडनावाचे शंभराच्या आसपास पुरुष आढळले. त्यातून 'द जेरोम प्रोजेक्ट' ही मालिका उभी राहिली. जेरोम हे वडिलांचे नाव आणि एका ख्रिस्ती संताचेही; म्हणून ही व्यक्तिचित्रे सोन्याच्या वर्खावर, संतांच्या प्रतिमांप्रमाणे रंगवून डांबरात अंशतः बुडवलेली आहेत.

न्यूयॉर्कमधील थिओडोर रूझवेल्ट यांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी केफार यांच्या लहान मुलाने विचारले होते, की हा घोड्यावर आणि बाजूचे दोघे पायी का? हा पुतळा इ.स. २०२२ मध्ये तेथून हलवण्यात आला.

'फ्रॉम अ ट्रॉपिकल स्पेस' (इ.स. २०२०) या मालिकेत कृष्णवर्णीय माता आहेत, परंतु त्यांच्या कुशीतील मुले कॅनव्हासमधून कापून काढलेली आहेत. उरते ती बाळाच्या आकाराची रिकामी जागा. यांपैकी एक चित्र जून २०२० मध्ये 'टाइम' नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर आले.

पितापुत्रांच्या नात्यावरील 'एग्झिबिटिंग फरगिव्हनेस' हा त्यांचा कथापट इ.स. २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. त्याचा नायकही चित्रकारच आहे.