बिअर्डेड ड्रॅगनचे संगोपन

बिअर्डेड ड्रॅगन (शास्त्रीय नाव: पोगोना व्हिटिसेप्स) हा ॲगॅमिडे कुळातील सरडा असून तो मूळचा ऑस्ट्रेलियाच्या मध्य व पूर्व भागातील रखरखीत प्रदेशातला आहे. घशाखालील काटेरी त्वचा फुगवून तो ती काळी करतो, त्यावरून त्यास हे नाव मिळाले. शेपटीसह त्याची लांबी ४० ते ६० सेंटिमीटर भरते. योग्य निगा राखल्यास तो साधारण १० वर्षे जगतो. शरीराच्या तापमानासाठी तो बाहेरील उष्णतेवर अवलंबून असतो. त्यामुळे त्याच्या संगोपनात निवाऱ्याची रचना आहाराइतकीच महत्त्वाची ठरते.

निवारा

प्रौढ प्राण्यासाठी किमान १२० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद व ६० सेंमी उंच, हवेशीर पेटी लागते. एका पेटीत एकच प्राणी ठेवावा. नर एकमेकांवर हल्ला करतात व दुर्बल प्राणी उपाशी राहतो.

पेटीच्या एका टोकाला वरून उष्णतेचा दिवा व त्याखाली सपाट दगड ठेवतात. दगडाच्या पृष्ठभागाचे तापमान ३८ ते ४२ अंश सेल्सिअस, तर दुसऱ्या टोकाला २४ ते २८ अंश असावे. या दोन टोकांत फिरून प्राणी स्वतःच आपले तापमान राखतो. म्हणून संपूर्ण पेटी एकसारखी तापवू नये. दिवा थर्मोस्टॅटला जोडावा व प्राण्याचा त्याला स्पर्श होणार नाही अशा उंचीवर बसवावा. तळाशी वर्तमानपत्र अथवा फरशी घालता येते. शहाबादी फरशी उष्णता धरून ठेवते आणि तिच्यावर नखेही झिजतात. लपण्यासाठी थंड टोकाला आडोसा ठेवावा.

प्रकाश

कॅल्शियम शोषून घेण्यासाठी ड जीवनसत्त्व आवश्यक असते व ते त्वचेत अतिनील-बी किरणांमुळे तयार होते. साधा दिवा केवळ ऊब व उजेड देतो, म्हणून अतिनील-बी किरण देणारी स्वतंत्र नळी रोज १२ तास लावावी. काच हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. त्यामुळे खिडकीच्या काचेतून येणारे ऊन या कामी येत नाही. नळीचा उजेड कायम असला तरी तिचे किरण हळूहळू क्षीण होतात, म्हणून ती साधारणपणे ६ ते १२ महिन्यांनी बदलतात.

आहार

पिल्लांचा आहार प्रामुख्याने कीटकांचा, तर प्रौढांचा प्रामुख्याने पाल्याचा असतो. पाळलेले रातकिडे कॅल्शियमची भुकटी लावून देतात. शेवग्याचा पाला, लाल भोपळा व जास्वंदाची फुले उपयुक्त आहेत. पालकातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून पालक नेहमी देऊ नये. काजवे व ॲव्होकॅडो विषारी ठरतात.

मराठवाड्यातील परिस्थिती

हिंगोली जिल्ह्यासारख्या भागात उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. अशा वेळी पत्र्याच्या खोलीत पेटीचे थंड टोकही तापते आणि प्राण्याला ऊब टाळता येत नाही. तो सतत तोंड उघडे ठेवून थंड टोकालाच बसू लागल्यास दिवा बंद करून पेटी थंड खोलीत हलवावी. या सरड्याला ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात ती वाढत असल्याने हवा खेळती ठेवावी. हळद, कापूस व सोयाबीनच्या शेतांतील कीटकांवर कीटकनाशकांचा अंश असू शकतो, म्हणून ते खाऊ घालू नयेत.

आजार

अतिनील-बी किरण अथवा कॅल्शियम अपुरे पडल्यास हाडे मऊ होतात. जबडा सुजणे, पाय वाकणे व थरथरणे ही त्याची लक्षणे होत. वाकलेली हाडे सहसा पूर्ववत होत नाहीत, म्हणून पहिल्या लक्षणातच पशुवैद्यकाकडे न्यावे. निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. त्यामुळे हाताळल्यानंतर हात साबणाने धुवावेत व पाच वर्षांखालील मुलांना प्राणी हाताळू देऊ नये.

कायदा

ही माहिती देशी सरडे पकडून पाळण्यासाठी नाही. महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारी घोरपड वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडल्यास तीन ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. थर व कच्छच्या वाळवंटात राहणारा, तेलासाठी मारला जाणारा सांडाही संरक्षित आहे. जखमी घोरपड आढळल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीतील विदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक आहे, म्हणून कोणताही विदेशी सरडा घेण्यापूर्वी त्याची जात व कागदपत्रे तपासावीत. सांभाळणे अशक्य झाल्यास विदेशी प्राणी रानात सोडू नये. पावसाळी व थंड हवेत त्याचा मृत्यू संभवतो आणि त्याच्यामुळे देशी सरड्यांत रोग पसरू शकतात.

हे सुद्धा पहा

घोरपड
सांडा
सरडा