मॉन्टिचेलोची मालकी

मालमत्तेचे दस्तऐवज वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्यामुळे एखादी ऐतिहासिक वास्तू पाहताना कमानी-खांबांपेक्षा तिच्या मालकीहक्काची साखळी मला अधिक खुणावते. अमेरिकेच्या दक्षिणेत, व्हर्जिनिया राज्यात, थॉमस जेफरसन यांनी स्वतः आराखडा करून बांधलेला मॉन्टिचेलो हा वाडा या दृष्टीने विलक्षण आहे.

४ जुलै १८२६ रोजी जेफरसन निवर्तले, तेव्हा त्यांच्यावर एक लाख डॉलरहून अधिक कर्ज होते. जानेवारी १८२७ मध्ये सामानसुमानासह गुलामांचा लिलाव झाला. जाहिरातीत १३० माणसे होती. सर्व माणसे समान असल्याचे लिहिणाऱ्याच्या ताळेबंदात लवकर रोख होणारी मत्ता माणसेच होती! जोसेफ फॉसेट या लोहाराला मृत्युपत्रान्वये स्वातंत्र्य मिळाले. त्याची पत्नी व मुले मात्र विकली गेली.

वाडा १८३१ मध्ये जेम्स बार्कलेकडे गेला. १८३४ मध्ये नौदलातील ज्यू अधिकारी युराया लेव्ही यांनी तो २१८ एकरांसह २,७०० डॉलरला घेण्याचा करार केला व त्याची डागडुजी केली. १८६२ मध्ये त्यांचे निधन झाले. मृत्युपत्रात त्यांनी वाडा अमेरिकेच्या जनतेला दिला होता, नौदलातील मृत कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या अनाथ मुलांच्या शेतकी शाळेसाठी. हेतू उदात्त खरा. पण ‘जनता’ ही लाभार्थी म्हणून फारच मोघम! न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १८६५ मध्ये ती तरतूद रद्द ठरवली. दरम्यान यादवी युद्धात दक्षिणेच्या सरकारने शत्रूची मालमत्ता म्हणून वाडा जप्त करून विकला. युद्ध संपताच तो व्यवहारही निरर्थक झाला.

पुढे वारसांचे दावे चालले. या काळात वाड्यात धान्य साठवले जाई, तळघरात गुरे बांधली जात. वादग्रस्त मालमत्तेला धनी अनेक आणि राखणदार एकही नसतो, हे आपल्याकडच्या महसूल अधिकाऱ्याला सांगायला नकोच. अखेर १८७९ मध्ये पुतण्या जेफरसन मन्रो लेव्ही यांनी १०,०५० डॉलरला तो विकत घेऊन पुन्हा उभा केला.

सरकारने वाडा खरेदी करावा यासाठी चळवळ झाली. १९१२ मध्ये प्रतिनिधीगृहाने तिला दाद दिली नाही. १९२३ मध्ये एका खासगी प्रतिष्ठानाने पाच लाख डॉलर मोजून तो घेतला व आजही तेच त्याचे मालक आहे. या सगळ्या उलाढालीत कुटुंबाने विकला नाही तो एकच तुकडा : जेफरसन यांची समाधी असलेली दफनभूमी. ती आजही वंशजांच्या संस्थेकडे आहे.